रहस्यही हवं, इतिहासही हवा, आणि पुस्तक पोटावर पेलायला हवं

मुलुंडची_सून

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे, जरा तातडीची.

सासूबाईंचा पाय मोडलाय. प्लास्टर आहे आणि डॉक्टरांनी दीड महिना तरी पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलंय. बाकी तब्येत ठणठणीत, त्यामुळे घरात सगळ्यांना त्रास जास्त. दिवसभर पडून वाचायचं एवढंच काम, आणि घरातलं सगळं वाचून झालेलं. एरवी त्या स्वतः वाचनालयात जायच्या, तासभर कपाटं धुंडाळायच्या. आता ती ड्युटी माझ्याकडे आलीये. ऑफिस प्रभादेवीला, त्यामुळे येताना दादरला पुस्तक बदलते आणि ट्रेन पकडून मुलुंडला येते. घरी पोचले की लगेच निकाल. 'हे वाचलंय.' 'हे चाळलंय, पुढे सरकत नाही.' 'हे कोणी सांगितलं गं तुला आणायला?'

त्यांची आवड थोडक्यात सांगते. ऐतिहासिक कादंबरी हवीच, पण लढाई सुरू झाली की भराभर पानं उलटतात. 'स्वामी', 'श्रीमान योगी' पाठ आहेत. इनामदारांचं 'राऊ' आणि 'शहेनशाह' वाचलंय, बाकीचं नाही. रहस्यकथाही तितकीच प्रिय, पण (हे ऐका) शेवटचं पान आधी वाचतात! खुनी कोण ते बघून घेतात आणि मग चहा घेऊन पहिल्या पानापासून सुरू. नवऱ्यानं हौसेनं किंडल आणून दिलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, 'यात शेवटचं पान कुठंय?'

आणि पुस्तक फार जाड नको. त्या उताण्या झोपून पोटावर ठेवून वाचतात. 'पानिपत' उशाशी आहे, पण ते धरून हात भरून येतात. इंग्रजी वाचत नाहीत, हिंदी चालेल.

रहस्य आणि इतिहास एकाच पुस्तकात मिळेल असं काही आहे का?

खिडकीतली_सीट

मुरलीधर खैरनारांचं 'शोध'. डोळे मिटून आणा. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्या लुटीतला एक हिस्सा वाटेत कुठेतरी हरवला अशी कल्पना आणि आजच्या काळात नाशिककडच्या डोंगरांत त्याच्या मागे लागलेली माणसं. मी कल्याण ते सीएसएमटी वाचत होतो, दोनदा दादर आलं कधी आणि गेलं कधी कळलं नाही. लेखक २०१५ मध्ये पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच गेले. नाहीतर अशी अजून चार तरी मिळाली असती.

जाडीला मात्र बऱ्यापैकी आहे. पातळच हवं असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैन यांचा मराठी अनुवाद. मुलांसाठी म्हणून लिहिलेलं आहे, पण आजी लोक जास्त वाचतात असा माझा अनुभव. त्यातलं वेरूळच्या कैलास लेण्यात घडणारं आधी द्या. चोरीला गेलेली प्राचीन मूर्ती आहे, म्हणजे थोडा इतिहासही झाला.

गिरणगावकर

सूनबाई (नाव तुम्हीच तसं घेतलंय म्हणून म्हणतो),

मी परळला एका लहानशा वाचनालयात काउंटरवर बसायचो. आता ते वाचनालय नाही आणि ती चाळही नाही, तिथे टॉवर आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा सकाळी रातपाळी सुटली की माणसं थेट पुस्तक बदलायला यायची, केसांत कापसाचे तंतू तसेच. झोपायच्या आधी वाचायला काहीतरी पाहिजे असायचं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारला आणि काळापहाडला एवढी मागणी की पातळ पुस्तकं आम्ही चार-चार एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात बांधून घ्यायचो. सुटं पुस्तक लेंग्याच्या खिशातून घरी जायचं आणि मग मेहुण्याकडे, मेहुण्याकडून गावाला.

त्या पुस्तकांना एक रोग होता. तिसऱ्या-चौथ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'खुनी डॉक्टर'. वाचून झालेल्या माणसाला राहवत नाही. दुपारी गर्दी नसली की मी खोडरबर घेऊन बसायचो. मग कोणी एक बहाद्दर निघाला, तो खोटी नावं लिहायला लागला. एका पुस्तकात 'खुनी मुनीम' असं होतं, त्याखाली वेगळ्या अक्षरात 'साफ खोटं, पुतण्या', आणि त्याच्याखाली शाईच्या पेनानं 'दोघेही निर्दोष आहेत, वाचा'. त्या पानाला मी रबर लावला नाही. ते पुस्तक कपाटात कधी दिसायचंच नाही, सारखं बाहेर.

हे एवढं सांगायचं कारण तुमच्या सासूबाईंचं शेवटचं पान. काउंटरवर नवीन सभासद आला की 'रहस्य देऊ की ऐतिहासिक?' असं मी कधी विचारलं नाही. त्यातून काही कळत नाही. मी विचारायचो, शेवट आधी बघता का? नाही म्हणाला तर रहस्यकथा, आणि हो म्हणाला तर ऐतिहासिक. सोपं गणित आहे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी उघडणारा प्रत्येक जण शेवट आधी वाचूनच बसलेला असतो. माधवराव थेऊरला जाणार, भाऊसाहेब परत येणार नाहीत, हे चौथीतल्या पोराला ठाऊक असतं. तरी लोक रात्र जागवतात, कारण हे असं झालं कसं, कोणाचं कुठे चुकलं, ते बघायचं असतं. तुमच्या सासूबाई रहस्यकथाही त्याच नजरेनं वाचतात. आणि लढाई आली की पानं उलटतात म्हणजे त्यांना खलबतखान्यात जागा हवी आहे.

म्हणून इनामदारांचं 'झेप' आणा. तुम्ही रोज ठाण्यावरून जाता ना? नसाल जात तर तिथपर्यंत मुलुंडहून एकच स्टेशन. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. या कादंबरीचा नायक त्रिंबकजी डेंगळे तिथे कैदेत होता.

प्रकरण असं. जुलै १८१५, पंढरपूर. बडोद्याच्या गायकवाडांचा वकील (म्हणजे दूत) गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे हिशेबाच्या बोलणीसाठी आलेला. देवळातून दर्शन घेऊन परतताना रस्त्यात त्याचा खून. एल्फिन्स्टन तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी. त्यानं बोट दाखवलं दुसऱ्या बाजीरावाच्या खास मर्जीतल्या त्रिंबकजीकडे. बाजीरावानं बराच काळ घोळ घातला आणि शेवटी आपला माणूस इंग्रजांच्या हवाली केला. ठाण्याला ठेवलं ते मुंबई जवळ म्हणून, आणि देशी शिपाई फितूर होतील या भीतीनं पहारा सगळा गोऱ्यांचा.

गोऱ्यांना मराठी कुठे येतंय! एक मोतद्दार तिथल्या एका गोऱ्या अंमलदाराकडे नोकरीला लागला. साहेबाचा घोडा फिरवायला म्हणून रोज भिंतीखालून जायचा आणि जाता जाता गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांच्या लेखी तो आपला गाणारा नोकर. वर खिडकीत त्रिंबकजीला त्या गाण्यातून निरोप मिळत होता. सप्टेंबर १८१६ मध्ये एका रात्री भिंतीला भोक पाडून गडी पसार. खून आहे, संशयित आहे, कैदेतून पलायन आहे, आणि खुनाचा हुकूम खरंच त्यानं दिला होता का यावर आजही दोन मतं आहेत. इनामदारांचा कल त्रिंबकजीकडे आहे हे लपत नाही. शाळेत आपण त्याला दोन ओळींत खलनायक म्हणून उरकतो, त्यामुळे सासूबाईंनी शेवटचं पान वाचलं तरी फारसं हाती लागणार नाही.

ते आवडलं तर 'शिकस्त'. पानिपतानंतरच्या पार्वतीबाईंवरची, म्हणजे भाऊंच्या पत्नीवरची. सदाशिवरावभाऊंचं प्रेत खात्रीनं ओळखलं गेलं का, यावर शंका राहिलीच, आणि या बाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही. पुढे मीच भाऊसाहेब म्हणून एक इसम उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता, १७७६ मध्ये तिथून सुटला, कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले. लोकांचा विश्वास बसत होता हो! शेवटी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहांत शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. नाटकाचं पुस्तक पातळ, पोटावर सहज राहील.

'पानिपत' तुमचं स्वतःचं असेल तर बाइंडरकडून दोन भागांत बांधून घ्या. वाचनालयाच्या प्रतीवर हा प्रयोग करू नका, माझ्यासारख्याचे शाप लागतात.

कागदकीडा

गिरणगावकर काकांनी रंगवून सांगितलंय, पण एक गाळणी लावतो. गाण्याची गोष्ट आपल्यापर्यंत मुख्यतः कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याच्या प्रवासवर्णनातून आली. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला आणि त्याला काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. हेबर तिथे १८२४ मध्ये गेला, म्हणजे पलायनाला आठ वर्षं उलटल्यावर. त्यानं ते गाणं इंग्रजी पद्यात दिलंय. अर्थ साधारण असा: झुडपामागे तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडी आहेत आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार चढला की दख्खनचे दिवस पालटतील. ऐकायला झकास. पुरावा म्हणून कच्चं.

माझी मूळ तक्रार वेगळी आहे. कादंबरीतले संवाद लोक पुढे वादात पुरावा म्हणून फेकतात. 'माधवराव असं म्हणाले होते' म्हणे. कुठे म्हणाले होते? कादंबरीत! सासूबाईंना मोडी काळातल्या भाषेची सवय असेल तर 'भाऊसाहेबांची बखर' द्या. आकारानं लहान, भाषा ठसकेबाज. बखरसुद्धा पूर्ण खरी नसते, पण निदान ती त्या काळाच्या जवळची थाप असते.

जाता जाता, वर एल्फिन्स्टनचं नाव आलंय आणि धागाकर्तीचं ऑफिस प्रभादेवीला आहे म्हणून. प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव, एल्फिन्स्टन रोड, ज्याच्यावरून पडलं तो हा एल्फिन्स्टन नव्हे. तो याचा पुतण्या, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. कॉलेज मात्र याच्याच नावाचं.

गिरणगावकर

कीडासाहेब, थाप असली तरी गाणं मी सोडणार नाही. कादंबरीकारानंही सोडू नये. कोर्टात द्यायचं नाही ते, अंथरुणावर पडलेल्या बाईला द्यायचंय. बखरीचं मात्र पटलं.

चर्चगेट_फास्ट

मला एक गोष्ट फार खुपते. जुन्या मुंबईत घडणाऱ्या रहस्यकथा सध्या धडाधड येतायत आणि जवळपास सगळ्या इंग्रजीत. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री, १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील बाई. मलबार हिलवरच्या एका घरात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा, त्यांच्या मिळकतीचे कागद आणि खून. पडद्यामुळे पुरुष वकिलाला आत जाताच येत नाही, म्हणून ही जाते. तपासासाठी बाईच का हवी, याचं कारण कथेच्या पोटातच आहे, ते मला फार आवडलं. वसीम खान यांची पर्सिस वाडिया, १९५० उजाडतानाची पोलीस इन्स्पेक्टर. नेव्ह मार्च यांनी १८९१ मधलं राजाबाई टॉवरचं प्रकरण घेतलंय. दोन पारशी तरुणी मनोऱ्यावरून पडून मेल्या, पडल्या की ढकलल्या यावर अख्खी मुंबई तेव्हा बोलत होती. आपण विद्यापीठाच्या फुटपाथवरून रोज जातो आणि वर बघतही नाही.

त्याही आधी एच. आर. एफ. कीटिंग नावाच्या इंग्रजानं मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे उभा केला. पहिली कादंबरी १९६४ ची, आणि तोवर गृहस्थ भारतात एकदाही आलेला नव्हता! नकाशे आणि पुस्तकं वाचून लिहायचा. वाचताना मधूनच जाणवतं, पण घोटे बिचारा आवडून जातो.

सासूबाई इंग्रजी वाचत नाहीत म्हणता, तर एक पुस्तक तुम्ही वाचा आणि त्यांना रोज थोडं सांगा. जोसेफिन टे यांचं 'द डॉटर ऑफ टाइम', १९५१. डिटेक्टिव्ह पाय मोडून हॉस्पिटलात पडलाय. (खरंच!) वेळ जाईना म्हणून कोणी त्याला जुनी चित्रं आणून देतं, त्यात इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड. पुतण्यांना मारणारा राक्षस म्हणून ज्याची ख्याती, त्याचा चेहरा बघून याला वाटतं, हा गुन्हेगार दिसत नाही. मग पलंगावरूनच साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास. पुतण्यांना मारणारा काका म्हटल्यावर आपल्याला राघोबादादा आठवणारच. मराठीत कोणी शनिवारवाड्यावर असं लिहायला हवं.

किंवा बावला खून प्रकरणावर. १२ जानेवारी १९२५, मलबार हिल, मोटार अडवून अब्दुल कादर बावला यांच्यावर गोळ्या. सोबत मुमताज बेगम, इंदूरच्या दरबारातून पळून आलेली. हल्लेखोर तिला ओढून नेत होते, तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले, एकानं तर गोल्फची काठीच चालवली. आरोपींपैकी एकाचा वकील बॅरिस्टर जिना. प्रकरण इतकं वर गेलं की १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. यात कादंबरीकारानं स्वतःचं काय घालायचं राहिलं?

मुलुंडची_सून

सगळ्यांचे आभार! प्रगती कळवते.

'झेप' मिळालं. आईंनी शिरस्त्याप्रमाणे शेवट उघडला, वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'यावरून काही कळत नाही. पहिल्यापासून वाचावं लागणार.' गिरणगावकर काका, तुम्ही जिंकलात. दोन दिवस घरात शांतता आहे. मधूनच हाक येते, 'अगं, तो शास्त्री मरायच्या लायकीचाच होता की काय?' नवऱ्याला अजून शास्त्री कोण ते माहीत नाही.

काल रात्री मी त्यांना हा धागा वाचून दाखवला. गाण्यापाशी त्यांनी थांबवलं. 'चोपन्न माणसं आणि पंचावन्न घोडी किल्ल्याच्या भिंतीबाहेर उभी होती आणि कोणालाही दिसली नाहीत?' मी म्हटलं झाडाझुडपांत लपली असतील. 'घोडी खिंकाळतात. आणि भोक पाडायला आवाज होत नाही वाटतं?' त्यांचं मत असं की पहारेकऱ्यांनी पैसे खाल्ले. नंतर वरच्या साहेबांना काय सांगणार, तर आम्हाला मराठी येत नाही, तो गाण्यातून बोलत होता. 'नोकरी वाचवायला रचलेलं आहे ते. बँकेत असताना असले खुलासे मी फायलीला लावून घेतलेत.' त्या बँकेत तपासणी विभागात होत्या, हे सांगायचं राहिलंच.

तिसऱ्या रिचर्डची गोष्टही सुरू केलीये. रोज रात्री जेवणानंतर, मी ट्रेनमध्ये जेवढं वाचलं तेवढं. काल म्हणाल्या, 'उद्या फास्ट पकडू नकोस, स्लोनं ये, जास्त वाचून होईल.'

कागदकीडा

लाच खाल्ल्याचा अंदाज एकदम मान्य. मी वर फक्त 'कच्चं' म्हटलं, त्यांनी हेतू शोधला. सासूबाईंना इथे सदस्य करून घ्या, बखरींच्या धाग्यावर माणसं कमी आहेत.

गिरणगावकर

बँकेच्या तपासणी विभागातल्या म्हणजे 'शिकस्त' आता नक्कीच. भाऊ म्हणून समोर आलेल्या माणसाला तुम्ही काय काय विचारून पारखाल, याची यादी त्यांच्याकडून आधी लिहून घ्या आणि मग पुस्तक हातात द्या. यादी इथे टाका.

मुलुंडची_सून

यादी तयार होतेय काका, पहिला प्रश्न लग्नात मिळालेल्या दागिन्यांबद्दल आहे. पण 'शिकस्त' आमच्या वाचनालयात बाहेर गेलंय आणि आधीच दोघांचे नंबर लागलेत. कोणाकडे आहे का?

खिडकीतली_सीट

माझ्या मावशीकडे आहे, मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याजवळ. जुनी प्रत, सुटी पानं दोऱ्यानं बांधलेली, पण पूर्ण आहे. रविवारी आणून ठेवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बदल्यात 'झेप' झालं की पुढचा नंबर मावशीचा लावा, तिनं हा धागा वाचलाय आणि मोतद्दाराच्या बाजूनं भांडायला तयार बसलीये.